खळ्यातली फियाट

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत संपली आणि ती रस्त्यावरून उतरली, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस नुसता पूर. जुने फोटो, रडके इमोजी, 'काय दिवस होते ते'. आमची एक आतेबहीण, जिला लहानपणी फियाटचा नुसता वास आला तरी मळमळायचं आणि जी दादर ते गिरगाव डोकं खिडकीबाहेर काढून बसायची, तिनं सगळ्यात लांबलचक पोस्ट टाकली. वाचून हसूही आलं आणि खोटं कशाला बोलू, मी पण एक फोटो शोधून टाकलाच. पण आमच्याकडे, म्हणजे गुहागरच्या बाजूला, फियाट म्हणजे टॅक्सी नव्हेच. गणपतीला मुंबईकर काका टपावर बोचकी बांधून घेऊन यायचे ती फियाट, आणि १९८७ पासून पुढे आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभी असायची ती फियाट.

अण्णांनी ती दादरच्या एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतलेली. क्रीम कलर, आत लाल रेक्झिन. तेव्हा नवीन गाडी म्हणजे नंबर लावून बसायचं काम होतं, कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या निघायच्या मोजक्या, कुणी किती काढायच्या ते सरकारनं ठरवून दिलेलं, त्यामुळे पैसे भरून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे आणि जुन्या गाडीलाही बरा भाव असायचा. मूळ गाडी इटलीची, फियाट ११००, आपल्याकडे १९६४ ला डिलाइट म्हणून निघाली, मग प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी झाली, आणि एवढी बारशी होऊनही लोक मेले शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. १०८९ सीसीचं इंजिन, ताकद ४० हॉर्सपॉवरच्या आसपास. आज ह्याच्या दुप्पट ताकदीच्या छोट्या गाडीला आमचा पुतण्या 'पिकप नाही' म्हणतो. आम्ही त्या ४० घोड्यांवर आठ माणसं, दोन आंब्याच्या पेट्या आणि आजीचा पानाचा डबा एवढं ओढायचो, पुढे सलग सीट होती ना, गिअर स्टिअरिंगला, त्यामुळे मध्ये एक पोर आरामात मावायचं. ते पोर म्हणजे मी.

गाडी घेतली खरी, पण घरापर्यंत आणायची कशी? डांबरी रस्ता वर सड्याच्या कडेनं जायचा, तिथून घरापर्यंत पाणंद, आणि पाणंद म्हणजे दोन गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या, मधनं बैलगाडी कशीबशी जाईल एवढी. चार दिवस गाडी वर झाडाखाली उभी, रात्री राखायला माणूस. मग वाडीतली आणि खालच्या वाडीतली माणसं बोलावून एका बाजूचा गडगा काढला, हातभर आत सरकवून परत रचला, आणि उताराला पाणी वाहून जायचं तिथं जांभ्याचे चिरे बसवले. ते चिरे बसवणारा माणूस खालच्या वाडीतला, त्याचा मुलगा माझ्या वर्गात. ह्या माणसाचं पुढे काम आहे म्हणून सांगून ठेवतो.

सकाळी गाडी चालू करणं हा एक कार्यक्रमच होता. अण्णा आधी चोक ओढणार, मग दोनदा ॲक्सिलरेटर दाबणार, मग सेल्फ मारणार, आणि सेल्फनं घ्यँव घ्यँव करून मान टाकली की 'पोरांनोऽऽ' अशी हाक. शाळेत निघालेली पोरं दप्तरं गडग्यावर ठेवून धावत यायची. उतार होता म्हणून बरं, धक्का मारून गाडीनं जरा वेग घेतला की अण्णा दुसऱ्या गिअरवर क्लच सोडणार, गाडी एक गचका देणार, मागून काळा धूर, आणि आम्ही सगळे त्या धुरात उभे राहून विजयी वीरांसारखे बघत बसणार. पावसाळ्यात तर डिस्ट्रिब्युटरमध्ये ओल जायची, मग आई चुलीपाशी गरम केलेलं फडकं घेऊन यायची आणि अण्णा त्या टोपणाला शेक द्यायचे. शेजारची काकू म्हणायची, बाळंतिणीला एवढा शेक कुणी दिला नाही.

मुंबईला लग्नाबिग्नाला जायचं तर पहाटे चारला निघायचं आणि पोचायचं कधी ते विचारायचं नाही. खरंच कुणी विचारायचं नाही. मोबाईल नाही, त्यामुळे वाट बघणाऱ्याला पण 'संध्याकाळपर्यंत येतील' एवढंच माहीत. तेव्हा तो रस्ता एनएच १७ होता, आता ६६ म्हणतात. मार्गताम्हाणे, रामपूर, चिपळूण, मग परशुरामचा घाट, लोटे, भोस्ते घाट, भरणे नाका आणि मग कशेडी. कशेडी आला की गाडीत सगळे आपोआप गप्प व्हायचे. मे महिन्याचं ऊन, गाडी भरलेली, पहिला-दुसरा पहिला-दुसरा करत चढायचं आणि बरोबर अर्ध्या घाटात ती दोन-तीन आचके देऊन बंद पडायची.

आता हे का व्हायचं ते मला पुढे कॉलेजात गेल्यावर कळलं. फियाटचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटून, इंजिन तापलं की पंप तापायचा, पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि वाफ काही पंपाला ढकलता यायची नाही, म्हणजे टाकीत पेट्रोल आहे, प्लगला करंट आहे, आणि तरी गाडी ढिम्म. अण्णांना कारण माहीत नव्हतं, उपाय माहीत होता. हँडब्रेक ओढायचा, आई खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावणार (हे काम आईचंच, हँडब्रेकवर तिचा काडीचा विश्वास नव्हता), बॉनेट उघडायचं, आणि खांद्यावरचा पंचा फिरकीच्या तांब्यातल्या पाण्यात भिजवून, पिळून, त्या पंपावर गुंडाळायचा. चर्र आवाज यायचा. थोड्या वेळानं पंचा कोमट व्हायचा, मग परत भिजवायचा. असं तीन-चारदा. त्या पंचाला पेट्रोलचा जो वास लागला तो धुवून कधी गेला नाही, आणि अण्णा तोच पंचा आंघोळीनंतर वापरायचे, काय बोलणार.

आणि तो पंप गार होईपर्यंतचा जो अर्धा-पाऊण तास, तो मला आजही जसाच्या तसा दिसतो. कठड्यावर बसायचं. खाली दरी, उन्हानं पांढरी पडलेली. कुठूनतरी एक म्हातारी पळसाच्या पानाच्या दोण्यात करवंदं घेऊन यायची, पैसे घ्यायची आणि वर 'कुठचे तुम्ही' विचारायची, आणि अण्णांनी गाव सांगितलं की तिची कोणतरी चुलत नणंद आमच्या शेजारच्या गावात दिलेली निघायची. ट्रकवाले थांबायचे. एसटीचा ड्रायव्हर चढावर गाडी हळू करून ओरडायचा, 'पाणी हाय काय?' एकदा सातारकडच्या एका ट्रकच्या क्लीनरनं आम्हाला भाकरी आणि ठेचा दिला, आईनं त्याला आंबे दिले, आणि अण्णा नि तो ड्रायव्हर कांद्याच्या भावावर इतका वेळ बोलत बसले की गाडी केव्हाच गार झालेली होती.

हां, आणि पत्रा. कोकणात गाडी जुनी होते ती किलोमीटरनं नाही, खाऱ्या वाऱ्यानं. मृगाच्या आधी गाडी दगडांवर चढवून खालून जळकं ऑईल फासायचं, हे आमच्याकडे घर शाकारण्याइतकंच ठरलेलं काम. तरी दरवाज्याच्या खालची कड, चाकावरची कमान, डिकीचा तळ, सगळं हळूहळू भुगा व्हायचं. मागच्या सीटपुढच्या पत्र्याला एक भोक पडलेलं, त्यातून रस्ता दिसायचा. मी आणि ताई त्यावर पाय ठेवून भांडायचो, कारण तिथून वारा यायचा. पावसात पाणी पण यायचं. शेवटी अण्णांनी तिथं तेलाच्या डब्याचा पत्रा रिव्हेट मारून बसवला, आणि बरीच वर्षं आम्ही एका गोड्या तेलाच्या जाहिरातीवर पाय ठेवून प्रवास केला.

मारुती आली ती ह्या सगळ्याला फाटा देत. १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची चावी दिली हे पाठ आहे सगळ्यांना, पण आमच्या वाडीपर्यंत ती यायला ९४ उजाडलं. चिपळूणच्या आतेभावानं घेतली, पांढरी ८००. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, एवढुशी चाकं, आणि किल्ली फिरवली की चालू. धक्का नाही, शेक नाही, काही नाही. तो आमच्याकडे पहिल्यांदा घेऊन आला तेव्हा निघताना पोरं सवयीनं मागे जाऊन उभी राहिली आणि गाडी त्यांना सोडून निघूनच गेली. सगळे हसले. अण्णा हसले नाहीत, म्हणाले, 'डबा आहे डबा, घाटात कळेल'. घाटात पण काही झालं नाही. (त्या ८०० चा शेवट मात्र वाईट झाला. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणला बिल्डिंगखाली उभी होती, दोन दिवस पाण्यात. बाहेर काढली तेव्हा डॅशबोर्डपर्यंत चिखल, आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये भावाच्या लग्नाची पत्रिका, तिचा लगदा झालेला. तेव्हा ८०० बंद होऊन पण सात वर्षं झालेली, पार्ट कुठले आणायचे. भंगारात दिली.)

पण आमच्या तालुक्यात वेग जो आला तो मारुतीनं नाही आणला, एन्रॉननं आणला. अंजनवेल, वेलदूर, रानवी ह्या पट्ट्यात ९०च्या दशकात एन्रॉन कंपनीचा दाभोळ वीज प्रकल्प उभा राहायला लागला आणि ज्या रस्त्यावर दिवसाला चार एसट्या नि एखादा चिऱ्यांचा ट्रक दिसायचा तिथं रात्रंदिवस गाड्या. ट्रेलर, डंपर, आणि सुमो. पांढऱ्या सुमो तर इतक्या की शृंगारतळीत रस्ता ओलांडायला म्हाताऱ्या माणसांना हात धरायला लागायचा. मोर्चे, लाठ्या, राजकारण, तो सगळा इतिहास वेगळा, त्यावर बोलायचा हा लेख नाही. पण गावातल्या ज्या पोरांनी कधी सायकलला ब्रेक लावला नव्हता त्यांनी लायसन काढली, कॉन्ट्रॅक्टवर गाड्या लावल्या, महिन्याला रोख पैसे बघितले आणि 'साहेबांना अंजनवेल-चिपळूण तासात सोडलं' अशा बढाया मारायला लागली. १९९९ ला वीज सुरू झाली, २००१ ला सगळं बंद. साहेब गेले, सुमो राहिल्या. त्या मग वडापला, म्हणजे सीटवर भाडं घेऊन माणसं न्यायला, लागल्या, आणि एकदा वडापची सवय झाली की एसटीची वाट बघत पिंपळाखाली बसायचं कोण?

मधे रेल्वे पण आली, २६ जानेवारी ९८. रेल्वेची एक गोष्ट मला फार आवडते. पाऊस सुरू झाला की कोकण रेल्वे आपलं वेळापत्रकच बदलते, पावसाळी वेळापत्रक, गाड्या मुद्दाम हळू, आणि जोराचा पाऊस असला की ताशी ४० च्या वर जायचं नाही असा ड्रायव्हरला हुकूम. एवढी मोठी रेल्वे निमूटपणे कबूल करते की आता आषाढ आहे, जरा दमानं. आणि त्याच पावसात हायवेवर माझ्या मागून येणारा माणूस मला अप्पर मारून मारून आंधळा करतो.

असो. तर वेग. कशेडीला आता बोगदा झालाय, दोनेक किलोमीटरचा. जिथं पाऊण तास जायचा तिथं दहा मिनिटांत पलीकडे. परवा पुतण्याबरोबर त्यातनं गेलो, मी म्हटलं, अरे वर घाटात एक म्हातारी करवंदं घेऊन यायची, तो म्हणाला 'हां काका' आणि त्याचा डोळा मॅपवर, कारण मॅप सांगत होता की माणगावला ट्रॅफिक आहे आणि दुसरीकडून गेलं तर आठ मिनिटं वाचतात. गेलो दुसरीकडून. वाचली आठ मिनिटं. ती त्यानं पुढे एका मॉलसारख्या हॉटेलात कॉफीच्या रांगेत घालवली, ह्यात माझं काही म्हणणं नाही, मी पण प्यायलो.

हा हायवे तसा गमतीचाच आहे. चौपदरी व्हायला लागला २०११ पासून, तेव्हा पहिलीत असलेली पोरं पदवीधर झाली तरी कुठे ना कुठे डायव्हर्जन आहेच. पण जिथं झालाय तिथं असा झालाय की गावं दिसतच नाहीत. उड्डाणपुलावरून गाव खाली राहतं. ज्या वडांच्या सावलीत आम्ही गाडी थंड करायला थांबायचो ते वड रुंदीकरणात गेले. आता थांबायचं म्हटलं तरी सावली कुठाय? आणि थांबावं लागतच नाही हो, गाडी तापतच नाही. मुंबई सोडली की आमच्याकडचं मोडकाआगर येईपर्यंत मी एका माणसाशी बोलत नाही, टोल पण आपोआप कापला जातो.

आणि शनिवार-रविवारी येणारे पाहुणे. दोन रात्री, त्यात गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, जमलं तर फेरीनं दापोली. हेदवीला बामणघळ आहे, खडकात एक अरुंद घळ, भरतीच्या वेळी लाट आत घुसते आणि पाण्याचा हा उंच फवारा उडतो. पण भरतीलाच. ओहोटीला गेलात तर नुसती खाच दिसते. तर गेल्या डिसेंबरात एक कुटुंब भर ओहोटीत तिथं उभं, घड्याळाकडे बघतंय, आणि त्यातला बाबा मला विचारतो, 'इथं ते पाणी उडायचं किती वाजता चालू करतात?' मी म्हटलं चार तासांनी या. तो म्हणाला चार तासांनी आम्ही गणपतीपुळ्याला असू. मग रिव्ह्यूमध्ये एक स्टार दिला असणार बिचाऱ्या समुद्राला.

तर हे असं सगळं मी ह्या शिमग्याला, पालखी आमच्या घरी येऊन गेल्यावर, पडवीत बसून माझ्या त्या वर्गमित्राला ऐकवत होतो. चिरे बसवणाऱ्याचा मुलगा, मघाशी सांगितलं तो. फियाट, पंचा, कशेडी, माणसं कशी थांबायची, एकमेकांना कशी उपयोगी पडायची, आता कोण कुणाला विचारत नाही, सगळं. आणि ओघात ती फुरशाची, म्हणजे त्या विषारी सापाची, गोष्ट पण काढली, जी आमच्या घरात दर गणपतीला कोणतरी काढतंच. म्हणजे ९१च्या आषाढात रात्री त्याच्या वडिलांना शेतावरून येताना फुरसं चावलं. बाहेर मुसळधार. अण्णांनी लुंगीवरच गाडी काढली, वायपर बंद पडला तर काचेवर तंबाखू चोळली म्हणजे पाणी धरत नाही, आणि तशा पावसात ४५ किलोमीटर हाणत चिपळूणला पोचवलं. इंजेक्शनं मिळाली, माणूस वाचला, एक पाय जरा बारीक झाला तेवढाच. फियाटच्या आयुष्यातला हा सर्वोच्च क्षण. आमची आई ही गोष्ट सांगताना अजून आवाज खाली आणते.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, 'तुमच्याकडे ही गोष्ट अण्णांनी गाडी कशी हाणली अशी सांगतात. आमच्याकडे आम्ही तुमच्या खळ्यात किती वेळ उभे होतो, अशी सांगतात.'

मी काही बोललो नाही. तो शांतपणे सांगत होता, राग वगैरे काही नाही. तो आणि त्याचा काका कंदील घेऊन आले होते. कुत्रं भुंकत होतं. काकानं खळ्यातूनच हाक मारली, पडवीवर चढले नाहीत, पाऊस अंगावर. आत दिवा लागला, कोण आहे, काय झालं, कुणाला झालं, मग अण्णांनी शर्ट शोधला, चावी सापडेना, मग गाडी चालू होईना, मग ह्या दोघांनीच ती ढकलली. 'अण्णा वायट नव्हते रे,' तो म्हणाला, 'कधी नाय म्हणाले नाहीत. पण त्यांनी हो म्हणेपर्यंत माझा बापूस तिकडे घरात रक्त ओकत होता, आणि मी तुझ्या पडवीच्या पायरीकडे बघत होतो. दर वेळी तेच. बायको अडली, या मागायला. पोराला ताप, या मागायला. आणि काम झालं की वर्षभर तुमच्या कलमांखाली कुणी गवत काढायला बोलावलं तर नाय म्हणायची सोय नाय. तुला माणसं लागायची म्हणून बरं वाटतंय आठवून. आम्हाला गाडी लागायची.'

ह्याच माणसानं एन्रॉनच्या वेळी सुमोवर ड्रायव्हर म्हणून दिवस काढले, मग कर्ज काढून ट्रॅक्स घेतली, वडाप मारली, आज दोन टुरिस्ट गाड्या आणि एक टेम्पो आहे. पहिली ट्रॅक्स घरी आणली त्या रात्री, म्हणाला, बापूस जेवायला पण आला नाही, गाडीतच बसून राहिला. चालवता येत नव्हती त्याला. नुसता बसला.

मला ह्यावर खूप काही सुचलं, बरंचसं दुसऱ्या दिवशी. एक म्हणजे ते धक्के मारणारे हात. त्यांना गाडीची गरज होती आणि आम्हाला त्यांची, हे खरंच होतं, पण आम्ही धक्का दुसऱ्या दिवशी विसरायचो आणि त्यांना गाडी विसरता यायची नाही. गडगा सरकवला, चिरे बसवले, त्याची मजुरी दिली का, हे मी आईला विचारलं. ती म्हणाली, 'दिली असेल की. जेवायला तर घातलंच होतं.' आता ह्यातनं काय समजायचं ते तुम्ही समजा.

दुसरं म्हणजे २०१४ पासून १०८ नंबरची ॲम्ब्युलन्स आहे. ती कधी वेळेवर येते कधी नाही, पण फोन लावताना कुणाच्या खळ्यात उभं राहावं लागत नाही. खालच्या वाडीत आता बहुतेक दारात काहीतरी उभं आहे, बाईक आहे, रिक्षा आहे. आमच्या वाडीत मुंबईकरांच्या बंद घरांपुढे नुसते कव्हर घातलेले सांगाडे. वेग वाढला म्हणून कुरकुर करणारे आम्ही सगळे बघा जरा कोण आहोत, ज्यांच्याकडे तेव्हा गाडी होती ते. ज्याला चालत शृंगारतळी गाठायला लागायची, डोक्यावर तांदूळ घेऊन, त्याच्या तोंडून 'काय निवांत दिवस होते' हे मी तरी ऐकलेलं नाही.

पण म्हणून मला कशेडीतला तो अर्धा तास नको वाटायला लागला असंही नाही. मी हे त्याला पण म्हटलं. कठड्यावर बसायला तर कुणाची परवानगी लागत नव्हती, तो ट्रकवाला, ती म्हातारी, भाकरी देणारा क्लीनर, तिथं कोण कुणाचा मिंधा नव्हता, बंद पडलेली गाडी सगळ्यांना सारखंच बसवायची. त्यावर तो हसला आणि म्हणाला, 'ते मला बी आवडायचं. मी टपावर बसून बघितलाय कशेडी.' मला माहीतच नव्हतं. एका मे महिन्यात अण्णांनी त्याला मुंबईला मामाकडे सोडायला बरोबर नेलेलं म्हणे, आत जागा नव्हती. कोण कोण होतं आत ते मी आठवून पाहिलं, मी होतोच.

त्यानंतर महिनाभरानं त्याच्याच गाडीनं दापोलीला एका मुंजीला निघालो. धोपाव्याला फेरीच्या रांगेत उभे. ही फेरी २००३ ला सुरू झाली, त्याआधी समोर दिसणाऱ्या दाभोळला गाडीनं जायचं तर चिपळूण-खेड-दापोली असा शंभरच्या वर किलोमीटरचा वळसा. आता अर्ध्या तासाचं काम, फक्त फेरी येईपर्यंत थांबायचं. आमच्या तालुक्यात गाडीतून उतरून पाय मोकळे करत लोक एकमेकांशी बोलतात अशी ही एकच जागा उरलीय बहुतेक. पुढच्या गाडीतल्या बाईंनी आम्हाला तळलेले फणसाचे गरे दिले, मागचा एक जण माझ्या मेव्हण्याच्या ओळखीचा निघाला. मी आपला खूश. म्हटलं, सागरी महामार्गावर इथं पूल होणार म्हणतात, झाला की हे पण गेलं.

'जाऊ दे की,' तो म्हणाला. 'रात्री आठनंतर पलीकडचं भाडं आलं तर मी काय करतो माहितेय? फेरीचा टाईम बघून नाय सांगतो. तुला पलीकडे मुंज आहे, मला धंदा आहे.'

फेरीनं फळी टाकली. खालचा माणूस दोन्ही हात हलवून 'घ्या, घ्या, उजवीकडे घ्या' करत होता. गाडी आत घेता घेता मी त्याला विचारलं, मग पूल झाल्यावर पहिल्यांदा कुठली गाडी घालणार त्याच्यावरून? त्यानं आरसा बघत, गाडी कड्याला एक वीत राहील अशी बरोबर लावली, हँडब्रेक ओढला आणि म्हणाला, 'त्या दिवशी जी भाड्याला असेल ती.'